पणजीत राहायचंय? मग एकदा जुलैत या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की दोघंही पुण्यात आयटीत, काम घरून, मुलगा सात वर्षांचा. गेल्या डिसेंबरात मिरामारजवळ आठ दिवस राहिलात, पणजी आवडली, आणि आता बिऱ्हाड उचलून कायमचं इकडे यावं असं वाटतंय. "चर्च, क्रूझ, फोंतेन्हास सगळं बघून झालंय, रोजचं जगणं कसं असतं ते सांगा," असं तुम्ही विचारलंय.

मी मूळची मिरजेची. 2009 साली नवऱ्याच्या बदलीमुळे इथं आले. दोन वर्षं मिरामारला काढली, तेव्हापासून पणजीतल्याच मळा नावाच्या भागात राहतो. मी एका कचेरीत हिशेब बघते. त्यामुळे जे सांगतेय ते नोकरी करणाऱ्या, बाजारहाट करणाऱ्या बाईचं आहे. समुद्रकिनाऱ्यावर मी शेवटची कधी गेले ते आठवावं लागेल.

पहिली गोष्ट म्हणजे पणजी आधी कचेऱ्यांचं गाव आहे, पर्यटन त्याच्यावर नंतर चढलंय. 1843 साली पोर्तुगीजांनी इथं रीतसर राजधानी केली, तेव्हापासून या गावाचं घड्याळ सरकारी आहे. 2011 च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत जेमतेम 40 हजार माणसं होती. पुण्यात एका प्रभागात याहून जास्त राहत असतील. सकाळी म्हापसा, फोंडा, मडगावकडून बस भरभरून माणसं येतात, संध्याकाळी तशीच परत जातात. रात्री साडेआठला 18 जून रस्त्यावर गेलात तर निम्मी शटरं खाली. दुपारी एकला दुकानं बंद होतात ती साडेतीन-चारला उघडतात. रविवारी तर सामसूम. पहिल्या वर्षी मी दुपारी दोनला सुईदोरा घ्यायला म्हणून बाहेर पडले आणि अख्खा बाजार हिंडून हात हलवत परत आले.

याला पर्यटक "सुशेगाद", म्हणजे निवांत, म्हणतात आणि टी-शर्टवर छापतात. इथल्या माणसाला ते फारसं रुचत नाही, आणि बरोबरच आहे. सकाळी दुकान उघडून रात्री आठला बंद करणारा माणूस दुपारी घरी जाऊन शीत-कडी जेवतो आणि तासभर आडवा होतो, यात आळस कुठं आला?

राहणाऱ्यांची पणजी आणि बघणाऱ्यांची पणजी एकाच नकाशावर आहेत, पण रस्ते वेगळे. शनिवारी संध्याकाळी सहानंतर मांडवीकाठच्या बांदोडकर मार्गावर आम्ही पाऊल ठेवत नाही. नदीतल्या बोटींवरच्या कॅसिनोंच्या जेट्ट्या तिथंच, त्यामुळे गाड्यांची रांग लागलेली असते. गोव्यातल्या लोकांना कॅसिनोत खेळायला 2020 पासून बंदीच आहे. म्हणजे गर्दी आमची, पार्किंग आमचं, आणि आत जायचं तुम्ही! (मला जायचंय असं नाही. पण पाहुणे आले की "घेऊन चल ना" म्हणतात, तेव्हा कायद्याचं निमित्त फार उपयोगी पडतं.)

फोंतेन्हासची गोष्ट जवळून बघते, कारण रोज त्या गल्लीतून चालत जाते. पिवळी, निळी, तांबडी घरं, मंगलोरी कौलं, शिंपल्यांच्या खिडक्या. सकाळी सातला एखादं नवरा-नवरीचं जोडपं कुणाच्या तरी पायरीवर बसलेलं असतं, समोर छायाचित्रकार, आणि घरातल्या बाईला कचऱ्याची बादली घेऊन बाहेर पडायचं असतं. एकदा एका आजोबांनी खिडकी उघडली आणि शांतपणे विचारलं, "मी पण फोटोत येऊ, का आत जाऊ?" जोडपं हसलं, आजोबा नाही हसले. बऱ्याच दारांवर आता फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, आणि त्या पाट्यांचेही फोटो निघतात.

आता घराचं. इथं सगळ्यात जास्त माणसं फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आम्ही पहिलं घर मिरामारला घेतलं, अकरा महिन्यांच्या करारावर. ऑक्टोबर संपताना मालक गोड आवाजात म्हणाला, "डिसेंबरात महिनाभर गावी जाणार असाल ना?" कारण त्या एका महिन्यात पर्यटकांकडून त्याला आमचं तीन-चार महिन्यांचं भाडं सुटणार होतं. आम्ही नाही म्हटलं. पुढच्या वर्षी करार वाढवला नाही. कुणाला दोष देत नाही, त्याचाही हिशेब होताच, पण मुलीची शाळा सुरू असताना घर शोधत फिरणं काय असतं ते तेव्हा कळलं.

तेव्हा इमारत बघायला जाल तर फ्लॅट नंतर बघा, आधी पार्किंग बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या स्कूटर म्हणजे भाड्याच्या. त्या चार-पाच दिसल्या, की समजा निम्मे फ्लॅट सुट्टीसाठी दिले जातात. अशा इमारतीत सोसायटीच्या मीटिंगला तीनच माणसं येतात, लिफ्टच्या दुरुस्तीचे पैसे जमत नाहीत, रात्री दोनला जिन्यात बॅगांची चाकं खडखडतात, आणि ओल्या कचऱ्यात बाटल्या सापडल्या की बोलणी रोज राहणाऱ्यांना बसतात. कचरा वेगळा करण्याच्या बाबतीत पणजी कडक आहे, ती सवय लावून घ्या. मुलगा लहान आहे तर ताळगाव, सांतिनेज, सांता क्रूझ, नदीपलीकडची पर्वरी इथं शोधा. दोनापावलला समुद्र दिसतो आणि भाडंही तसंच दिसतं.

घरमालकाला दोन प्रश्न नक्की विचारा: जमिनीखाली टाकी किती मोठी, आणि इन्व्हर्टर आहे का. पणजीचं पाणी खांडेपार नदीवरच्या ओपाहून येतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये खांडेपारजवळ जलवाहिनी फुटली, तेव्हा राजधानीचं शहर, बाहेर धो धो पाऊस, आणि नळाला कित्येक दिवस थेंब नाही. आम्ही पागोळ्यांखाली बादल्या लावल्या होत्या. वीज एरवी बरी असते, पण मेच्या शेवटी वळवाचे वारे सुटले, की माडाची झावळी तारेवर पडते आणि तुमची मीटिंग तिथंच संपते. घरून काम करणाऱ्यानं इन्व्हर्टर ही चैन समजू नये.

पावसाचं काय सांगू! वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर, म्हणजे पुण्याच्या चौपट, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. 18 जून रस्त्यावर पहिल्याच मोठ्या सरीला घोटाभर पाणी साचतं. पण खरी गंमत घरात असते. चामड्याच्या चपला हिरव्या होतात. पट्टे, पर्स, तबल्याची पुडी, सगळ्यावर बुरशी. कपाटात मी चाळीसचा दिवा लावून ठेवते, त्याच्या उबेवर पुस्तकं टिकतात. कपडे तीन दिवस वाळत नाहीत, मग इस्त्रीनं वाळवायचे. पहिल्या जुलैत मी रोज रडत होते, हे खोटं नाही. आता उलट झालंय, जूनची वाट बघते. पर्यटक ओसरलेले असतात, रस्ते धुतलेले, मळ्याच्या डोंगरउतारावर हिरवं रान माजलेलं. रस्त्याच्या कडेला बायका आळमी घेऊन बसतात, ही वारुळाजवळ उगवणारी रानातली अळंबी, भाव ऐकून छातीत धस्स होतं तरी एकदा तरी घेतेच. तायकिळ्याची कोवळी पानं मिळतात, हा आपला टाकळा. आणि भल्या सकाळी पावसातसुद्धा पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो, सायकलवर निळ्या प्लास्टिकखाली गरम उंडे आणि पोळ्या. इथं पोळी म्हणजे कोंड्याचा पाव, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुमच्या घरात घोळ होईल.

जाण्यायेण्याला स्कूटर हवीच. ओला-उबर इथं चालत नाहीत, टॅक्सीचे दर पर्यटकाच्या खिशाला बेतलेले. मडगाव, वास्को, म्हापशाला कदंबची, म्हणजे इथल्या सरकारी महामंडळाची, विनाथांबा बस उत्तम. स्टँडवर खिडकीतून तिकीट घ्यायचं, रांगेत उभं राहायचं, आणि खरंच कुणी रांग मोडत नाही. पुण्याहून आलेल्या माझ्या भावाला याचं भारी आश्चर्य वाटलं होतं. रात्री आठनंतर मात्र बसची आशा धरू नका. नदीपलीकडच्या बेतीची फेरीबोट चालत येणाऱ्याला फुकट आहे. मुलाला संध्याकाळी घेऊन जा, मांडवीवर याहून चांगली क्रूझ नाही, आणि कुणी मोठ्यानं गाणी लावत नाही.

मराठीवर अडत नाही. 1987 च्या राजभाषा कायद्यात राजभाषा कोकणी आहे, पण सरकारी कामाला मराठीही चालते. घराघरात मराठी वर्तमानपत्र येतं, देवळात कीर्तन मराठीतच होतं. पण मराठी चालते म्हणून आपलं घर समजून वागू नका. बसमध्ये कंडक्टर "फाटीं वच" म्हणाला तर मागे सरका, सहा महिन्यांत निदान समजायला तरी शिका. आणि एक कळकळीची विनंती, "कोकणी म्हणजे मराठीचीच बोली ना?" हे वाक्य चुकूनही तोंडातून काढू नका. त्या वादात इथल्या लोकांनी उभं आयुष्य घालवलंय. तुम्ही पाहुणे म्हणून विचाराल, आणि चहा गार होईल. बाहेरून आलेल्याला "भायलो" म्हणतात. कधी चेष्टेनं, कधी नाही. जमिनी आणि फ्लॅट बाहेरचे पैसेवाले घेत सुटलेत, भाव इथल्या पोरांच्या हाताबाहेर गेलेत, त्यामुळे तो राग समजून घ्यायला हवा. आपणही त्या रांगेतलेच आहोत.

शाळा बऱ्या आहेत, शहरात ओढा इंग्रजी माध्यमाकडे. आजारपणाला बांबोळीचं सरकारी मेडिकल कॉलेज मोठं आहे, मात्र गोव्याबाहेरच्यांना 2018 पासून तिथं शुल्क पडतं, म्हणून रहिवासी कागदपत्रं लवकर करून घ्या.

करमणुकीला मॉल शोधाल तर कंटाळाल. पाटोला मध्यवर्ती ग्रंथालय आहे, 1832 साली सुरू झालेलं, आता सहा मजल्यांच्या नव्या इमारतीत. मराठी पुस्तकं भरपूर आहेत, मुलांचा विभाग वेगळा आहे. माझी मुलगी तिथंच वाढली म्हणा ना. मराठी नाटकाचं वेड बघायचं तर फोंड्याला जावं लागतं, कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेच्या दिवसांत. शहराचे आपले सण वेगळे. 8 डिसेंबरला चर्चचं फेस्त, तेव्हा चौकात खाज्याची दुकानं लागतात. मळ्यातल्या मारुतीची जत्रा तर आमच्या दारातच. आणि चवथीला, म्हणजे गणपतीला, पणजी रिकामी होते. ज्याला त्याला आपापल्या गावच्या घरी जायचं असतं. आदल्या दिवशी माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, बाजारात पाय ठेवायला जागा नसते आणि दुसऱ्या दिवशी आमच्या इमारतीत फक्त आम्ही आणि वरचे एक बंगाली कुटुंब. पहिल्या वर्षी फार एकटं वाटलं. आता शेजारीण तिच्या मूळ गावी, पेडण्याला, आम्हालाच घेऊन जाते.

हे व्हायला किती दिवस लागतात, म्हणाल तर मी माशांवरून मोजते. मासळी बाजारात माझी एक ठरलेली बाई आहे. पहिली दोन वर्षं तिनं मला पर्यटकाच्याच भावानं बांगडे विकले, वर दोन शिळे घातले. मी भांडले नाही, जात राहिले. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा नदीतले शेवटे, तिसऱ्या, खुबे मिळतात, आणि तेव्हा बाजारात फक्त राहणारी माणसं असतात. तिसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी मी टोपलीत हात घातला तर तिनं माझा हात बाजूला केला आणि हळूच म्हणाली, "आज नाका. फाल्यां यो." आज नको, उद्या ये. त्या दिवशी मी रिकामी पिशवी घेऊन घरी आले आणि नवऱ्याला म्हटलं, आता आपण इथले झालो.

तेव्हा घर विकण्याआधी एक करा. जुलैत पंधरा दिवस सुट्टी न घेता या. फ्लॅट भाड्यानं घ्या, तिथूनच काम करा, मुलाला रोज बाजारात न्या, कपडे धुऊन वाळवून बघा. तरीही आवडली तर पुढचं बोलू. मळ्यात आलात तर चहाला घरी या. चामड्याचे बूट मात्र पुण्यातच ठेवून या.