पान, फूटपट्टी आणि खिडकीचा उजेड

प्रश्न : मॅडम, पुढच्या महिन्यात आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत ‘वर्गासाठी डिजिटल चित्रं’ या विषयाचे दोन तास माझ्याकडे आले आहेत. ३२ शिक्षक असतील. चार-पाच जणांना माझ्यापेक्षा जास्त येतं, बाकीचे मोबाइलवर फोटो काढतात तेवढंच. कोणकोणती अ‍ॅप शिकवू?
— एक तंत्रस्नेही शिक्षक, ता. मुरबाड

उत्तर : सर, अ‍ॅपची यादी करू नका. मी केली होती. माझ्या पहिल्या प्रशिक्षणात मी नऊ अ‍ॅप दाखवली, एकेक बटण पडद्यावर मोठं करून. सगळ्यांनी नावं वहीत उतरवून घेतली. तीन महिन्यांनी शाळाभेटींना गेले, तर त्यातलं एकही अ‍ॅप कुणाच्या फोनमध्ये नव्हतं. वर्गात चित्रं तीच, या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरून धुरकट झालेली. एका पाचवीच्या वर्गात पानाच्या शिरा शिकवायला टीव्हीवर मेपलचं पान लावलं होतं, आणि खिडकीबाहेर पिंपळ सळसळत होता. त्या दिवसापासून मी प्रशिक्षणाची सुरुवात पिंपळाच्या पानाने करते.

तुम्हीही तेच करा. येताना प्रत्येकाला दोन पानं आणायला सांगा, एक जाळीदार शिरांचं आणि एक समांतर शिरांचं. तुमच्याकडे बांधावर भाताचं नाहीतर गवताचं पान सहज मिळेल. पहिला फोटो सभागृहात, ट्यूबलाइटखाली, नेहमी काढतात तसा काढू द्या. त्यावर हाताची सावली पडेल, मागे सतरंजीची नक्षी येईल. काही बोलू नका. मग तेच पान खिडकीजवळ पांढऱ्या ड्रॉइंग पेपरवर ठेवायला सांगा, उजेड एका बाजूने येईल असं. तिसरा फोटो पान खिडकीच्या काचेवर टेकवून, फ्लॅश बंद करून. मागून उजेड आला की पिंपळाची मधली शीर पार शेपटीसारख्या टोकापर्यंत दिसते, तिच्यातून फुटलेल्या बारीक शिरांचं जाळं दिसतं, किडीने खाल्लेल्या भोकाच्या कडेचा तपकिरी पट्टासुद्धा दिसतो. हे तीन फोटो शेजारी शेजारी लावा. उजेडाबद्दल मला एरवी जे अर्धा तास बोलावं लागायचं, ते तिथेच कळतं.

चौथ्या फोटोत पानाशेजारी फूटपट्टी ठेवा. माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणाचा जीव या फोटोत आहे, इथे घाई करू नका. फोन पानाच्या बरोबर वर, जमिनीला समांतर हवा. तिरका धरला तर पट्टीवरचा जवळचा सेंटिमीटर मोठा आणि लांबचा लहान येतो. शिक्षकांना ते स्वतः पडद्यावर मोजू द्या. मग शाळेच्या संगणकावर इमेजजे उघडा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तयार झालेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, शास्त्रज्ञ पेशी मोजायला वापरतात. फोटोतल्या पट्टीवर १ सेंटिमीटरची रेघ ओढून ‘ही लांबी १ सेंमी’ असं सांगायचं, मग पानाची कडा गिरवायची, की क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये येतं. तेच पान आलेख कागदावर ठेवून चौकोनही मोजा. दोन उत्तरं तंतोतंत जुळत नाहीत. अर्धे चौकोन कसे धरले, कडा कुणी सैल गिरवली, पान सपाट होतं की वळलेलं, यावर गणिताचे आणि विज्ञानाचे शिक्षक हमरीतुमरीवर येतात. येऊ द्या. पुढे मुलांनीही वर्गात हाच वाद घालावा म्हणून तर हे सगळं करायचं.

तुमच्यापेक्षा जास्त येणाऱ्या चार-पाच जणांना प्रेक्षकांत बसवू नका. प्रत्येकाकडे सहा-सात जणांचा गट द्या.

फोटो पाठवण्याबद्दल थोडक्यात. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो, वर्गातला टीव्ही १९२० बाय १०८० चा, जुना प्रोजेक्टर तर १०२४ बाय ७६८ चाच. म्हणून वर्गात दाखवायची प्रत लहान करून ठेवा, नेट कमी असलं तरी जाते. मोजमापाचा फोटो मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मूळचा आहे तसा पोचतो.

एका गोष्टीबद्दल मी आग्रही आहे. मुलांचे चेहरे नकोत. बूट मिळाले, गणवेश मिळाला, की मुलाला उभं करून फोटो काढायची आणि तो गावच्या ग्रुपवर टाकायची सवय आपल्याला लागली आहे. त्या मुलाला काय वाटतं ते मी एका चौथीतल्या मुलीच्या तोंडून ऐकलं आहे. ती म्हणाली, “मॅडम, माझा फोटो नको, मामा बघतो.” २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची अट आहे, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. मुलांचे हात घ्या, वही घ्या, त्यांनी केलेली मांडणी घ्या. शासकीय कामाला जिओटॅग फोटो, म्हणजे कुठे काढला त्या जागेची नोंद असलेले फोटो, लागतात. ते काम झालं की कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा.

घरी जाताना सगळ्यांना एकच काम द्या. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचं रोप वाढताना टप्प्याटप्प्याने चित्रित केलं आणि ती छोटी फिल्म दाखवून पहिल्या चित्रपटासाठी भांडवल उभं केलं. आपल्याला फोन आणि दोन विटा पुरतात. कुंडीत कडवे वाल पेरा. मटकी नको, तिला रात्रीत मोड येतात आणि बघण्यासारखं बरंचसं निघून जातं. विटांच्या खाचेत फोन उभा करा, त्या जागेभोवती बाकावर खडूने चौकट आखा, रोज परिपाठानंतर एक फोटो. चौकट आखली नाही तर फोटो एकामागून एक सरकवताना रोप जागचं हलतं आणि वाढ कळत नाही. वालाचं रोप मातीतून मान वाकवून वर येतं, डाळिंब्या डोक्यावर घेऊन. ती मान कितव्या फोटोत सरळ झाली, ते प्रत्येक शाळेने पुढच्या परिषदेत सांगायचं.