रडणं थांबवायचं औषध

"मॅडम, रडू थांबवायचा काहीतरी उपाय सांगा. माझा डेटा खराब होतोय."

माझ्याकडे समुपदेशनाला आलेली ती खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हे बोलून मोकळी झाली. तिला इथे सुरेखा म्हणते. नावगाव, घरातली माणसं असं बरंच बदललं आहे आणि लिहू का, हे तिला विचारलं आहे. आरोग्य संशोधनाच्या एका प्रकल्पात ती फील्डवर असते. पैसा परदेशातून येतो, ऑफिस पुण्यात, आणि तिच्या वाट्याला शहराच्या कडेच्या काही वस्त्या नि त्यापुढची गावं. घर धायरीला, गाडी स्वतःची, करार अकरा महिन्यांचा.

काम ‘व्हर्बल ऑटोप्सी’चं. म्हणजे, मृत्यूचं वैद्यकीय कारण कुठे नोंदलेलं नसेल तर काही आठवड्यांनी त्या घरी जायचं आणि शेवटच्या दिवसांत काय काय झालं ते घरच्यांना विचारायचं. त्या उत्तरांवरून पुढे कारण ठरतं. आपल्याकडे असंख्य माणसं कसली गेली याची धड नोंद होत नाही, तेव्हा हे काम मोलाचं आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सुरेखाच्या यादीत नवजात बाळं होती. टॅबवर एकेक प्रश्न येतो. जन्मल्यावर बाळ रडलं होतं का? अंगावर पीत होतं का? प्यायचं कधी सोडलं? उत्तर भरल्याशिवाय पुढचा प्रश्न उघडत नाही. समोरच्या बाईला रडू फुटलं तर थांबायचं, ‘नको असेल तर आपण इथेच थांबवू’ म्हणायचं, हे ट्रेनिंगमध्ये घोटून घेतलं होतं. विचारणारीलाच रडू फुटलं तर काय, ते कुणी सांगितलं नव्हतं.

आणि तेच होत होतं. एकदा टॅबवर टपकन थेंब पडला आणि चुकीचा पर्याय दाबला गेला. सुपरवायझरने दोन फॉर्म परत पाठवले. रात्री तीन-चारदा उठून ती स्वतःच्या चार वर्षांच्या मुलीच्या छातीवर हात ठेवून बघायची, श्वास चालू आहे ना. नवरा म्हणत होता, सोडून दे ही नोकरी. तिचा प्रश्न वेगळा होता. "बाकीच्या करतातच की. मीच कच्ची आहे का?"

फील्डवरचं कुणीही माझ्याकडे आलं की हा प्रश्न निघतोच. बायका ‘मी कच्ची आहे का’ विचारतात, पुरुष ‘ॲसिडिटी झालीय’पासून सुरुवात करतात. मुद्दा एकच. माझं उत्तर असं की रोज दुसऱ्याचं दुःख ऐकणाऱ्याला त्याची झळ लागते. त्याला आम्ही दुय्यम आघात म्हणतो. आम्हा समुपदेशकांनाही तो होतो. फरक इतकाच की मी दर पंधरा दिवसांनी माझ्या ज्येष्ठ सहकारी बाईंसमोर बसून मनातलं सगळं काढते आणि तो तास माझ्या कामातच धरला जातो. सुरेखा आठवड्याला दहा-बारा घरांतलं मरण ऐकून सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून घरी यायची आणि कुकर लावायची.

इथे माझी चूक सांगायला हवी. पहिल्या दोन भेटी मी श्वासाच्या व्यायामात नि झोपेच्या वेळापत्रकात घालवल्या. तिला थोडा आराम पडलाही. तिसऱ्या भेटीत टेबलावर पालथा ठेवलेला तिचा मोबाइल थरथरला. तिने तो उचलला नाही, बघितलाही नाही, फक्त पदराची कड मुठीत धरली. एक मिनिटाने पुन्हा थरथरला.

"कुणाचा?"

"एका घरातला आहे. म्हणजे, गेलेल्या बाळाचा काका."

एका संध्याकाळी ती त्या घरी गेली होती. घरचे सात वाजल्याशिवाय कामावरून येत नाहीत, म्हणून भेटी अंधारात पडतात. आई आत होती, हा दारात उभा राहून सगळं ऐकत होता. त्यानंतर दीड महिना रोज फोन. आधी ‘रिपोर्ट कधी येणार’, मग ‘जेवलीस का’, मग रात्री अकराला नुसता श्वासाचा आवाज. नंबर त्याच्याकडे गेला कसा? माहितीपत्रकातून! अभ्यासात भाग घेणाऱ्याला शंका विचारायला संपर्क क्रमांक द्यावाच लागतो, तो त्याचा हक्क आहे. ऑफिसने त्या जागी हिचा खासगी नंबर छापून टाकला होता. ब्लॉक का केला नाहीस, असं मी विचारलं. "सहभागी व्यक्तीचा फोन टाळायचा नाही, असं सांगितलंय ना."

मी श्वासाचे व्यायाम शिकवत बसले होते आणि बाई रात्री अकराच्या फोनला घाबरून जागी राहत होती. आता मी फील्डवरच्या माणसाला पहिल्याच भेटीत विचारते: घरी किती वाजता पोचता, सोबत कोण असतं, आणि तुमचा नंबर कुणाकुणाकडे आहे?

पुण्यात पाषाणला विषाणूंची प्रयोगशाळा आहे. तिथे घातक विषाणू हाताळणाऱ्यांसाठी चौथ्या, म्हणजे सर्वांत कडक दर्जाची जैवसुरक्षा असते, आत जाताना काय घालायचं आणि बाहेर येताना काय काढायचं याची पायरी न् पायरी ठरलेली. विषाणूपासून माणसाला कसं वाचवायचं याचा विचार झाला, कारण तो धोका सगळ्यांनाच मान्य आहे. अनोळखी घरात एकटीने बसून मरणाबद्दल विचारण्याचा धोका मात्र ‘ॲडजस्ट करा’ खात्यात जातो. खरं तर जागतिक आरोग्य संघटनेने 2001 सालीच, घरगुती हिंसेवरच्या संशोधनापुरतं का होईना, स्पष्ट म्हटलं आहे की उत्तरं देणाऱ्या बायकांइतकीच संशोधन करणाऱ्या चमूची सुरक्षितताही सर्वांत आधी. मरणाची पाहणी करणाऱ्यांना तो नियम का लागू नसावा, हे मला कळलेलं नाही.

कायदाही सुरेखाला वाटत होता तितका लांब नव्हता. ‘ऑफिसात थोडंच घडलंय’ असं ती म्हणत होती. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागाही कामाचं ठिकाण धरतो, मग ते कुणाचं घर का असेना. कंत्राटी बाईही त्यात येते. कामाच्या निमित्ताने संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासून सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि तिला पोलिसांत जायचं असेल तर त्यात मदत करणंही. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे तक्रारीसाठी अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. लेखी तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची. नको म्हटल्यावरही पिच्छा पुरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली वेगळा गुन्हा आहे.

हे सगळं ऐकून ती म्हणाली, "तक्रार केली की करार पुढे होणार नाही."

ही भीती खोटी आहे असं मी म्हटलं नाही, कारण तसं होताना मी पाहिलं आहे. पोलिसांत जायचं नाही हे तिने ठरवलं आणि मी ते मान्य केलं, पण फोनच्या तारखा-वेळांचे स्क्रीनशॉट काढून ठेवायला लावले. मग आम्ही दोघींनी मिळून प्रकल्पाच्या प्रमुखांना एक पानाचा अर्ज लिहिला. त्यात त्या माणसाबद्दल दोनच ओळी. बाकी मागण्या: माहितीपत्रकावर ऑफिसचा नंबर, अंधार पडल्यावर दोघींनी जाणं, बरं वाटलं नाही तर इंटरव्ह्यू अर्धवट सोडून उठायची मुभा आणि तो इंटरव्ह्यूंच्या टार्गेटमधून न कापणं, मृत्यूच्या भेटी दिवसाला दोनच, आणि पंधरा दिवसांतून एकदा सगळ्यांनी बसून बोलायला तास. अर्जावर तिच्याबरोबर आणखी चौघींनी सह्या केल्या. ‘बाकीच्या करतातच की’ म्हणायची ना, त्याच बाकीच्या. त्यातल्या दोघींना असेच फोन येत होते.

आठवड्यात ऑफिसचं सिमकार्ड आलं, पत्रकं नव्याने छापली, जुना नंबर सुरेखाने बंद केला. सहानंतर जोडीने जायचं, हेही मिळालं. टार्गेट जागचं हललं नाही. ‘फंडरला विचारावं लागेल’ म्हणे. बोलायच्या तासाऐवजी व्हॉट्सॲप ग्रुप निघाला आणि त्यावर रोज सकाळी सूर्योदयाचे फोटो पडू लागले! मग पाच जणींनी आपणच दर दुसऱ्या शनिवारी स्वारगेटजवळ चहाला बसायचं ठरवलं. पैसे त्यांचे, वेळही त्यांचीच. त्यांनी ते छान केलं, पण ती सोय ऑफिसने करायला हवी होती, हे मी सुरेखाला दोनदा सांगितलं.

मध्येच रात्री फार जीव घाबरला तर काय, म्हणून तिला 14416 हा नंबर दिला होता. सरकारची टेली-मानस सेवा, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. एकदा तिने लावलाही, पहाटे तीनला.

आता ती महिन्यातून एकदा येते. मध्ये एका घरात आजीबरोबर तिचेही डोळे भरून आले. टॅब बाजूला ठेवला, दोघी थोडा वेळ गप्प बसल्या, मग आजीच म्हणाली, "हं, विचार पुढचं." तो फॉर्म परत आला नाही.

रात्री मुलीच्या छातीवर हात ठेवून बघणं अजून चालू आहे, पण झोपण्याआधी एकदाच. ते सोडायला मी तिला सांगितलेलं नाही.