उलंगवाडी झाली, तरी आवाज कुठून?

प्रश्न : मी मेहकर तालुक्यातला, रात्री वावरात जागलीला असतो अन् सोबतीला रेडिओ. वाचलं की तारे बनतात तिथून रेडिओलहरी येतात. मग ज्या दीर्घिकांत, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांत, तारे बनणं जवळपास बंद पडलंय त्यातूनही येतात म्हणे, त्या कायच्या भरवशावर?

उत्तर : भाऊ, मोटरचा स्टार्टर दाबला की तुमचा रेडिओ खर्रकन वाजतो ना? ठिणगीत इलेक्ट्रॉनला झटका बसतो, त्याचा तो आवाज. वरतीही झटका इलेक्ट्रॉनलाच, फक्त देणारा वेगळा. सूर्याच्या आठपटीहून मोठे तारे काही कोटी वर्षांतच फुटतात, त्या धक्क्यानं इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगानं पळतात, चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात अन् रेडिओलहरी सोडतात. नवे तारे नाहीत तर असे स्फोटही नाहीत, म्हणजे या म्हाताऱ्या दीर्घिकांची उलंगवाडीच झाली म्हणा.

तिथं बहुतेकदा काम करतं मधलं कृष्णविवर. एम८७ ही अशीच म्हातारी दीर्घिका घ्या, साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर, कृष्णविवर ६५० कोटी सूर्यांच्या वजनाचं, त्याच्याकडे ओढल्या जाणाऱ्या गॅसमधला थोडा आत न जाता सरळ झोतात बाहेर फेकला जातो, हेबर कर्टिस या खगोलशास्त्रज्ञाला १९१८ मध्ये त्याची नुसती एक रेघ दिसली होती. झोतातले इलेक्ट्रॉन तशाच गिरक्या घेतात. याच कृष्णविवराचा २०१९ चा तो गाजलेला फोटोही रेडिओ दुर्बिणींनीच काढलेला, बरं का.

आता ओळखायचं कसं? तारे बनतात तिथली धूळ तापते आन इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, सोडते, रेडिओ अन् इन्फ्रारेड जोडीनं वाढतात. रेडिओ भरपूर पण इन्फ्रारेड फिकं, तर बहुतेक कृष्णविवरच. सिग्नल अगदी मंद असला की मात्र घोळ होतो, कोपऱ्यात थोडे तारे बनत असतील, किंवा पांढऱ्या बटू ताऱ्यांचे, म्हणजे जुन्या ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांचे, स्फोट, ते म्हाताऱ्या दीर्घिकेतही होतात.

मला भारी वाटतं ते वेगळंच. हे झोत आजूबाजूचा गॅस तापवत ठेवतात, गॅस थंड झाल्याशिवाय तारे बनत नाहीत, म्हणजे ज्याचा आवाज येतोय त्यानंच वावर पडीक पाडलंय!

कधी नारायणगावकडे गेलात तर खोडदची रेडिओ दुर्बीण बघा, ४५ मीटरच्या ३० तबकड्या. मोबाईल तेवढा बंद ठेवा, त्यांच्यासाठी तो आपला स्टार्टरच.