बाग बघायला जाताना, बाग दाखवताना

हिवाळ्यातल्या बागभेटींबद्दल कोल्हापूरच्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही.

आमचा बागप्रेमींचा गट डिसेंबरात पहिल्यांदाच घरोघरच्या बागा बघणार आहे. पंचवीस जण तयार आहेत. सकाळी आठला निघून बारापर्यंत सहा बागा होतील का?
*— वाचक, नागाळा पार्क*

सहा नाही, तीन. एका बागेला पाऊण तास धरा. त्यातली दहा मिनिटे गाड्या लावण्यात आणि चहाला ‘नको, नको’ म्हणण्यात जातात. घरच्या बागेतली वाट जेमतेम दोन फुटांची असते. एकामागे एक पंचवीस माणसे उभी राहिली, की मालक काय सांगतोय ते सहाव्याच्या पुढे कुणाला ऐकू येत नाही, आणि मागचे कडेच्या वाफ्यात पाय देतात. म्हणून दोन तुकड्या करा. एक तुकडी पहिल्या बागेत असताना दुसरीने दुसऱ्या बागेत जावे. बागाही जवळच्या निवडा. नागाळा पार्क आणि ताराबाई पार्क एका सकाळीत निवांत होतात, पण त्यात कळंबा घातला तर निम्मा वेळ रविवारच्या गर्दीत शहर ओलांडण्यात जाईल.

यजमानाला एक गोष्ट आवर्जून सांगा: खताचा ड्रम, मेलेली रोपे, रिकाम्या कुंड्या लपवू नका. फुले काय, नर्सरीतही दिसतात. ‘यंदा काय मेले आणि कशाने?’ हा प्रश्न प्रत्येक बागेत विचाराच.

आमच्याकडे डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी मंडळी येणार आहेत. तेव्हा गुलाब फुललेले हवेत. छाटणी कधी करू?
*— वाचक, रुईकर कॉलनी*

छाटणीपासून फुलापर्यंत साधारण ४५ ते ५० दिवस लागतात. मागे मोजा: ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचे पहिले तीन-चार दिवस. सगळी झाडे एकाच दिवशी छाटू नका, निम्मी आठवडाभराने छाटा. म्हणजे थंडीने वेळ पुढे-मागे झाली तरी काहीतरी फुललेले असेल. परतीचा पाऊस रेंगाळला असेल तर उघडीप मिळेपर्यंत थांबा. ओल्या हवेत कापलेली फांदी टोकाकडून काळी पडत खाली वाळत जाते.

पेन्सिलीएवढ्या जाडीच्या चार-पाच निरोगी फांद्या ठेवा. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून कोंब फुटतो त्या जागेच्या) पाव इंच वर तिरका काप घ्या आणि त्यावर बोर्डोपेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. डोळा भरलेल्या, म्हणजे कलम केलेल्या, जागेच्या खालून येणारे जंगली फुटवे मुळाशी काढा. खत लगेच नको, आठ-दहा दिवसांनी लाल फूट दिसली की द्या.

गेल्या वर्षी बागभेटीत शेवंतीच्या काड्या मिळाल्या. ज्यांच्याकडून आणल्या त्यांची शेवंती आता कळ्यांनी भरली आहे. माझी हिरवीगार आहे, पण कळी एक नाही. कुंड्या फाटकाजवळ आहेत, दिवसभर ऊन असते. बघायला आलेल्यांनी खत वाढवायला सांगितले. वाढवू का?
*— वाचक, राजारामपुरी*

आधी रात्री नऊनंतर फाटकापाशी उभे राहा. कुंडीजवळ वर्तमानपत्राची मोठी अक्षरे वाचता येत असतील, तर दोष खताचा नाही, रस्त्यावरच्या दिव्याचा आहे. बागभेट दिवसा होते, त्यामुळे तो दिवा कुणाच्या नजरेलाच आला नसेल.

शेवंती रात्र मोजते. दिवस लहान होऊन रात्रीचा सलग अंधार वाढला, की ती पाने काढणे थांबवून कळी धरते. मध्येच उजेड पडला तर तिच्या लेखी रात्र मोडली आणि उन्हाळाच चालू आहे. अशा वेळी नत्र वाढवले की पाने आणखी माजतात, एवढेच.

कुंड्या घराच्या अंधाऱ्या बाजूला हलवा. हलवणे शक्य नसेल तर संध्याकाळी सहा ते सकाळी आठ दुहेरी काळे कापड किंवा जाड पुठ्ठ्याचे खोके घाला. एकही रात्र चुकवू नका. साधारण तीन आठवड्यांत बारीक कळ्या दिसतील, आता शेंडे खुडू नका. झाकायला सुरुवात केल्यापासून फुलाला जातीनुसार आठ-दहा आठवडे लागतात, म्हणजे यंदा जानेवारी उजाडेल. पॉइन्सेटिया लाल होत नसेल तर त्याचेही हेच कारण असते.

बागभेटीतून आणलेल्या जास्वंदीच्या काडीबरोबर पांढरी कीड आली आणि सगळ्या कुंड्यांवर पसरली. आता काड्या आणायच्याच नाहीत का?
*— वाचक, फुलेवाडी*

आणा, पण आल्या आल्या बाकीच्या कुंड्यांत ठेवू नका. तीन आठवडे वेगळ्या कोपऱ्यात राहू द्या. तुमच्याकडे आलेला तो पिठ्या ढेकूण. त्याची अंडी कापसासारख्या मेणचट पुंजक्यात असतात, तिथे फवारा पोचत नाही. म्हणून एका फवारणीने तो गेल्यासारखा वाटतो आणि पुन्हा उगवतो. पुंजके स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढा. मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल आणि १ मिली पातळ साबण घालून, पानांच्या खालूनही, संध्याकाळी फवारा. दर सात दिवसांनी असे तीनदा. मुंग्यांची रांग मोडा. किडीच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या तिला सांभाळतात आणि नव्या फांदीवर नेतातही.

काडी कापायची ती मालकाने, स्वतःच्या कटरने, आणि प्रत्येक झाडानंतर पाते स्पिरिटने पुसून. सहा ते आठ इंच लांब, तीन-चार डोळ्यांची काडी ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत घाला. गाडीच्या डिकीत ठेवली तर उन्हात ती उकडून निघते. आणि खरे सांगायचे तर जास्वंदीच्या काडीला डिसेंबर बरा नाही. रात्री गार असताना मुळे फार सावकाश फुटतात. फोटो काढून ठेवा आणि जून-जुलैत मागायला जा.

गच्चीवरची बाग दाखवायची आहे. वीस माणसे एकदम वर नेली तर चालेल?
*— वाचक, मंगळवार पेठ*

दहा-दहा न्या. ये-जा असलेल्या गच्चीचा हिशोब सहसा चौरस मीटरला १५० किलो वजनाचा असतो. बारा इंची भिजलेली कुंडी २५ किलोच्या आसपास भरते आणि अर्धा कापलेला ड्रम दीडशेच्या पुढे जातो. म्हणून ड्रम भिंतीलगत किंवा तुळईवर असावेत आणि त्यांच्याभोवती घोळका नको. पुढे निघालेल्या सज्जावर तर एकावेळी दोघांपेक्षा जास्त जणांनी उभेच राहू नये. इमारत जुनी असेल तर आधी अभियंत्याला दाखवा. त्या दिवशी पाणी संध्याकाळी घाला, कारण शेवाळलेल्या फरशीवर सकाळी हमखास कुणीतरी घसरते.

यजमानांसाठी काय न्यावे?
*— वाचक, ताराबाई पार्क*

रोप नको, वरचे पिठ्या ढेकणाचे उत्तर वाचा. दोन किलो निंबोळी पेंड न्या.