जुन्या स्मशानभूमीत अचानक फार जुना कोरीव दगड दिसला तर काय करावं? कुणाला असा अनुभव आहे का?

हलवू नका. जिथे आहे तिथेच राहू द्या, फोटो काढा आणि त्याच दिवशी गावातल्या दहा माणसांना दाखवा. मी दोघा-तिघांनाच दाखवला होता. आमच्या रुद्रभूमीत, म्हणजे लिंगायतांच्या स्मशानभूमीत, असे दोन दगड होते, आता एकच उरलाय.

गाव मिरज तालुक्यातलं. आम्ही लिंगायत, आमच्यात पुरतात. २०११ च्या पावसाळ्यात थोरले काका लिंगैक्य झाले. समाधीच्या खड्ड्यात पाणी भरत होतं आणि पोरं बादल्यांनी उपसत होती. मी बाभळीखाली एका आडव्या शिळेवर जाऊन थांबलो. माती देऊन झाली की याच शिळेवर सगळे पाय धुतात. आज्याच्या वेळी मीही धुतले होते. वर्षानुवर्षांचा चिखल तिच्या खाचांत बसलेला असायचा, त्या दिवशीच्या पावसानं तो निघाला आणि माझ्या पायाखाली गायी दिसल्या. ओळीनं चार गायी, त्यांच्यापुढे ढाल-तलवार घेतलेला माणूस. वरच्या चौकटीत दोन बायका त्याला दंडाला धरून नेताहेत, त्याच्या वर तो पिंडीसमोर हात जोडून बसलाय. टोकाला चंद्र-सूर्य. गावाची गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना मेलेल्याचा वीरगळ. आम्ही त्याच्यावर पाय धुत होतो.

दुसरा दगड दोन हातांवर, गवतात. त्यावर कोपरात दुमडलेला एकच हात, मनगटात बांगड्या. मी घरी आणून फोटो दाखवला तर आई लगेच म्हणाली, "सतीचा हात हाय त्यो." ती चाल वाईटच होती, बंद झाली ते बरंच झालं. पण त्या बाईचं नाव नाही, गाव नाही, ती होऊन गेली याला पुरावा काय तर तेवढा हात.

हे दगड वाचायला सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर जा. तिरपं ऊन पडलं की पुसट कोरीवही उठून दिसतं. दुपारी बारा वाजता काही दिसणार नाही. धुवायचं तर नुसतं पाणी आणि मऊ ब्रश. तारेचा ब्रश, ॲसिड, खडूनं रेषा भरणं, शेंदूर, ऑइलपेंट यांतलं काहीही नको. वाई तालुक्यात किकलीला भैरवनाथाच्या देवळाजवळ वीरगळच वीरगळ आहेत, तिथे अर्धा दिवस काढा, मग आपल्या गावचा दगड आपोआप वाचता येतो. आपल्याकडे पुष्कळसे वीरगळ शिलाहार-यादवांच्या काळातले. लेख क्वचितच असतो, असला तर दक्षिणेकडे तो कन्नडमध्येही निघतो.

आता माझं दुखणं. २०१४ मध्ये रुद्रभूमीला कंपाउंड घालायचं ठरलं. काम माझ्या चुलतभावाकडं. मी पुण्यात नोकरीला. दिवाळीला आलो तर भिंत उभी, आणि सतीशिळा नाही. दादाला विचारलं तर म्हणाला, "चांगला सपाट दगड हुता, भिंतीच्या पायात घातला." मी वाट्टेल ते बोललो. तो शांतपणे एवढंच म्हणाला, "आपल्या आज्याची समाधी कुठं हाय ती दाखव आधी. सख्ख्या आज्याला दगड न्हाई, आन् तू कुठल्या कोण बाईचं घिऊन बसलाईस?"

मला दाखवता आली नाही. तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतंच.

त्याचं म्हणणं मला आजही पटत नाही. आज्याची जागा हरवली ती आम्ही तिथं खूण ठेवली नाही म्हणून. मग ज्यांनी ठेवली त्यांची खूण आम्ही का उपटायची? साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू छत्रपतींच्या लाडक्या कुत्र्याची समाधी लोकांनी आजवर सांभाळली. महाराज वारले १७४९ ला. आम्हाला एक बाई सांभाळता आली नाही.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. वीरगळ किंवा सतीशिळा म्हणजे थडगं नव्हे, खाली कुणी पुरलेलं असतंच असं नाही, म्हणून उकरत बसू नका. आणि शंभर वर्षांपुढचं शिल्प १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. जमिनीतून काही निघालं तर तहसीलदारांना कळवा, घरी नेऊन अंगणात मांडू नका. स्मशान दुसऱ्या समाजाचं असेल तर आधी त्यांच्या जाणत्या माणसांना विचारा, मगच फोटो काढा.

गेल्या श्रावणात आज्याचा खड्डा काढणाऱ्या म्हाताऱ्याला घेऊन गेलो. त्यानं कडुलिंबापासून पावलं मोजून जागा दाखवली. नाव आणि साल घातलेला दगड तिथं बसवलाय. म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर झालं, दादा. आता माझं ऐक. गवंड्याला मी विचारून ठेवलंय: ओढ्याकडच्या बाजूचा तिसरा खांब, त्याच्या डाव्या हाताला. तिथं भिंत तडकलीच आहे. पाडशील तेव्हा मला एक फोन कर. नव्या भिंतीचा खर्च मी देतो.