जॉर्ज लॉइडच्या सिंफनी ऐकायच्या असतील तर कोणतं रेकॉर्डिंग घ्यावं: संगीतकाराने स्वतः कंडक्ट केलेलं की दुसऱ्या कुणाचं?

तुम्ही लिहिलंय की एल्गार आणि वॉन विल्यम्स हे इंग्रज संगीतकार ऐकून झाले, कुणीतरी जॉर्ज लॉइड या आणखी एका इंग्रज संगीतकाराचं नाव सुचवलं आणि एकदम बारा सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना, समोर आल्यावर कुठून सुरुवात करावी ते कळेना. माझ्या मते पाचवीपासून करा, आणि कंडक्टर एडवर्ड डाउन्सने फिलहार्मोनिया वाद्यवृंदाबरोबर लिरिटा कंपनीसाठी केलेलं रेकॉर्डिंग घ्या. लॉइडने स्वतः कंडक्ट केलेलं नंतर ऐका.

लॉइडने बाराही सिंफनी स्वतः रेकॉर्ड करून ठेवल्या आहेत, तेव्हा 'खरं' ते तेच, असं बरेच जण म्हणतात. पण ही रेकॉर्डिंग झाली तेव्हा गृहस्थ सत्तरी ओलांडलेले होते, आणि आपलं संगीत इतकी वर्षं कुणी वाजवलं नाही याची भरपाई केल्यासारखे प्रत्येक चालीपाशी रेंगाळतात. संथ भागात ते फार गोड वाटतं. लांबलचक शेवटच्या मूव्हमेंटमध्ये, म्हणजे सिंफनीच्या शेवटच्या भागात, मात्र पकड सुटते. डाउन्स ऑपेरातला माणूस. कुठे थांबायचं आणि कुठे ढकलायचं हे त्याला नेमकं कळतं.

आता थोडं लॉइडबद्दल. जन्म 1913, कॉर्नवॉलमधलं सेंट आइव्हज. विशी-पंचविशीतच दोन ऑपेरा लंडनमध्ये झाले, म्हणजे सुरुवात दणक्यात झाली होती. मग युद्ध. तो रॉयल मरीन्सच्या बँडमध्ये होता आणि लढाईच्या वेळी या बँडवाल्यांना जहाजाच्या पोटात, तोफांच्या नेमाची गणितं करणाऱ्या खोलीत बसवत. मार्च 1942 मध्ये आर्क्टिक समुद्रात तो ज्यावर होता त्या 'ट्रिनिडाड' या युद्धनौकेने सोडलेला टॉर्पेडो गर्रकन वळला आणि त्याच जहाजावर येऊन आदळला. फुटलेल्या टाकीतलं इंधन त्या खोलीत भरलं आणि त्याचे बरेच सोबती तिथेच बुडाले. लॉइड वाचला, पण मनाने पार मोडला. त्याच्या स्विस बायकोने, नॅन्सीने, त्याला वर्षानुवर्षं सांभाळून पुन्हा लिहितं केलं.

त्यातून आली चौथी सिंफनी, 'आर्क्टिक', तासाभराहून मोठी. ऐकताना अनेकांचा गोंधळ उडतो तो शेवटच्या भागात, कारण तिथे एकामागून एक आनंदी मार्च, म्हणजे बँडच्या संचलनाच्या चाली, सुरू होतात. इतक्या भयंकर अनुभवानंतर हे काय? लॉइडचं स्पष्टीकरण बँडवाल्याचंच होतं: दफन उरकलं की बँड परतताना जलद, खुशीच्या चाली वाजवतो. हे माहीत असलं की तोच भाग अंगावर येतो. ही सिंफनी 1946 ला पूर्ण झाली आणि पहिल्यांदा वाजली 1981 मध्ये, चेल्टनहॅमला, डाउन्सच्याच हातून. तरीही सुरुवात हिच्यापासून करू नका. कथा इतकी जबरदस्त आहे की आपण संगीत न ऐकता कथाच ऐकत बसतो.

पाचवी त्यानंतर लगेचची, 1947-48 ची, स्वित्झर्लंडमधली. पाच मूव्हमेंट. पहिली पास्तोराल, मोकळ्या हवेतली. चौथी 'लामेंटो', म्हणजे विलाप, मात्र छातीवर दगड ठेवल्यासारखी, आणि तिच्यानंतर शेवटची उसळून येते तेव्हा कसलंही स्पष्टीकरण लागत नाही. चाली चक्क गुणगुणता येतात. तोच तर त्याचा गुन्हा होता! आसपासचे नवे संगीतकार षड्ज सोडून निघाले होते आणि हा बाबा सूर घट्ट धरून बसला होता.

याच्या उपेक्षेचं सगळं खापर बीबीसीच्या विल्यम ग्लॉकवर, नव्या वळणाच्या संगीताची बाजू घेणाऱ्या माणसावर, फोडायची पद्धत आहे. मला ते अर्धंच पटतं. ग्लॉक संगीत विभागाचा प्रमुख झाला 1959 मध्ये, आणि लॉइड 1952 लाच सगळ्याला कंटाळून दक्षिण इंग्लंडमधल्या डॉर्सेटला कार्नेशनची फुलं आणि मशरूम पिकवायला निघून गेला होता. पहाटे उठून लिहायचं, मग दिवसभर शेती. सातवी आणि आठवी तिथल्याच. आठवी लिहिली 1961 मध्ये आणि बीबीसीवर लागली 1977 मध्ये, हा हिशेब मात्र ग्लॉकच्या काळाच्या खात्यावर मांडायला हरकत नाही.

डाउन्सने लिरिटासाठी चौथी, पाचवी आणि आठवी केली. तिन्ही घ्या. सातवीसाठी लॉइडचंच, बीबीसी फिलहार्मॉनिकबरोबरचं घ्या, आणि इथे माझी वरची तक्रार मागे घेतो. प्रॉसर्पिनाच्या, म्हणजे पाताळात नेलेल्या त्या रोमन देवीच्या कथेवरची ही सिंफनी माझ्या मते त्याची सर्वांत चांगली. सुरुवात नाचरी आणि चमचमती, शेवट उजाड, आणि संगीतकाराला घाई नसल्याचा इथे फायदाच होतो.

दुसरी आणि नववी एकाच डिस्कवर आहेत. हलक्याफुलक्या; नाही ऐकल्या तरी चालेल. पहिली आणि बारावी यांचीही जोडी आहे. मध्ये जवळजवळ साठ वर्षांचं अंतर, तरी माणूस तोच ओळखू येतो. त्याच्यावर टीका करणारे म्हणतात की त्याची वाढच झाली नाही. ही जोडी ऐकून तुम्हीच ठरवा.

रेकॉर्डिंग शोधताना नुसतं 'लॉइड' टाकू नका, पानभर अँड्र्यू लॉइड वेबर येतो. सिंफनीचा क्रमांक आणि 'डाउन्स' किंवा 'ऑल्बनी' जोडा. ऑल्बनी हे न्यूयॉर्क राज्यातलं शहर. तिथल्या वाद्यवृंदाने त्याला अकरावी लिहायला सांगितली आणि त्याच नावाच्या कंपनीने त्याची रेकॉर्डिंग काढली. अकरावी लावायच्या आधी आवाज कमी करून ठेवा. त्यातलं ब्रास, म्हणजे ट्रंपेटसारखी पितळी वाद्यं, फ्लॅटमध्ये रात्री दहानंतर वाजवण्यासारखं नाही.