इराणमधल्या यझ्द शहरातले बादगीर, म्हणजे वारा पकडणारे मनोरे, घर गार करतात, तर ठाण्याच्या इमारतीवर तसा मनोरा का चालणार नाही?

मनोरा वारा खाली आणेल, पण तो गार होणार नाही. ठाण्यात पावसाळ्यात 2000 मिमीच्या वर कोसळतो. इराणच्या यझ्द प्रांताची राजधानी यझ्द 1200 मीटर उंचीवर, वाळवंटाच्या कडेला. तिथे वर्षभरात जेमतेम 50-60 मिमी. सगळी गोम या कोरड्या हवेत आहे.

बादगीर हा गच्चीवरचा उभ्या फटींचा मनोरा. आत विटांचे पडदे असतात. एका बाजूने वारा उतरतो, दुसरीकडून गरम हवा निघून जाते. दौलताबाद बागेतला अष्टकोनी मनोरा सुमारे 33 मीटर उंच आहे. खाली हौद. पाण्यावरून जाताना बाष्पीभवन होतं आणि हवा थंडावते. वारा पडला तर मनोरा धुराड्यासारखा नुसती गरम हवा वर ओढतो. दमट हवेत बाष्पीभवन फारसं होत नाही: आपल्याकडे मे महिन्यात कूलर लावून अंग चिकचिकतं ना, तेच ठाण्यात होईल.

पाणी यायचं कनातीतून: डोंगरपायथ्याच्या विहिरीपासून शहरापर्यंत हलक्या उताराचा भुयारी पाट, वर ठरावीक अंतरावर माती काढायला आणि हवेला उभे खड्डे. उतार जास्त झाला तर पाणी तळ खरवडतं, कमी झाला तर गाळ साचतो. विजेच्या पंपांनी भूजल खाली गेलं आणि कितीतरी कनाती आटल्या. आता इस्फहानकडून पाइपने पाणी येतं.

ठाण्यात त्यापेक्षा आरपार हवा आणि गच्चीला पांढरा रंग, एवढं करा.